पुकारा

कानडे मॅडम सात नंबरच्या फलाटावर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या हातात माईक होता, आणि तो चालू होता.

"लातूरहून चाकूर, अहमदपूरमार्गे नांदेडला जाणारी गाडी..." एवढं म्हणून मी थांबलो. पुढचं वाक्य वीस वर्षं रोज म्हणत आलो होतो, तरी ते त्या वेळी आठवेना. भोंग्यातून स्टँडभर नुसती खरखर गेली. दोन-चार लोकांनी माना वर करून पाहिलं.

मॅडमनीही पाहिलं, पण भोंग्याकडे नाही, माझ्या केबिनच्या काचेकडे. आमच्यात दहा पावलांचं अंतर असेल. त्यांनी मला ओळखलं यात शंका नव्हती, कारण त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. मग त्यांनी ते आवरलं, पर्समधून मोबाइल काढला आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"...फलाट क्रमांक सातवर उभी आहे," मी वाक्य पुरं केलं. "प्रवाशांनी याची नोंद घ्यावी."

गाडी सुटली आणि मॅडमही गेल्या. मी माईक बंद केला आणि मनात म्हटलं, झालं, यांचंही नाव टाकलं.

नाव टाकण्यात माझा हातखंडा होता. माणसानं दुखावलं की मी भांडत नसे, विचारत नसे. त्याच्या वाटेला जाणंच बंद करत असे. त्या माणसाला कित्येकदा महिनोन् महिने पत्ताही लागत नसे की आपलं नाव टाकलं गेलंय. मला ते मोठं स्वाभिमानाचं वाटायचं. अशानं माणसं गळत गेली आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी टाकायला नावंच उरली नाहीत. ही गोष्ट त्या वर्षीची, म्हणजे चौदा वर्षांपूर्वीची.

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. माझा आवाज रोज हजारो लोक ऐकत. माझ्याशी बोलायला मात्र खिडकीशी येत ते एवढंच विचारायला, "मास्तर, नांदेड कुठं लागली?" आणि तेही मी घसा फोडून सांगितल्यावर दोनच मिनिटांनी. मग मी म्हणायचो, "कान काय घरी ठेवून आलात का?" दिवसभरातला माझा संवाद तो एवढाच. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात बोलणं होतं. ती गेली आणि भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि खानावळीचा डबा एवढेच उरलो.

माझी सुट्टी गुरुवारी असायची. एकदा शुक्रवारी सकाळी माईक हातात घेतला तर आवाजच फुटेना. विचार केला तेव्हा लक्षात आलं, बुधवारी संध्याकाळपासून आपण कुणाशी एक शब्द बोललेलो नाही. त्याच आठवड्यात छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही.

"घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आणि?"

"आणि मीच."

त्यांनी एका चिठ्ठीवर कानडे मॅडमचं नाव लिहून दिलं. म्हणाले, "वेड लागलंय म्हणून पाठवत नाही. जाऊन या."

मॅडम मानसोपचार करत, पण गोळ्या देत नसत. चष्म्याच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या. वय बत्तीस-तेहेतीस असेल. पहिल्या दिवशी त्यांनी एक कागद वाचून दाखवला, मी हो हो म्हणत सही केली.

"तुम्हाला काय म्हणू?" त्यांनी विचारलं.

"सगळे लामतुरे म्हणतात."

"आणि घरचे?"

"अक्का भास्कर म्हणायची."

"म्हणायची?"

"बहीण आहे मोठी. अहमदपूरला असते. बोलणं नाही."

त्यांनी पुढं विचारलं नाही. मला भास्करराव म्हणू लागल्या. मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. "बाहेर लोकांशी तुमचं जे होतं, ते आज ना उद्या या खोलीत माझ्याशीही होईल. झालं की आपण ते इथंच धरायचं. मला काय वाटलं ते मी खरं सांगेन, तुम्हीही सांगायचं. इथं जमलं तर ते बाहेर न्यायचं. माझ्याकडे दुसरं औषध नाही."

मला वाटलं, ही बाई गप्पा मारायला बसलीय. दर मंगळवारी सहा वाजता जात राहिलो, कारण मंगळवारी सहा वाजता माझी कुणी दुसरीकडे वाट पाहत नव्हतं.

पाचव्या-सहाव्या खेपेला मी आठवड्याची हकिगत सांगत होतो. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भास्करराव, राग मानू नका. तुम्ही बोलता तेव्हा मला स्टँडवर उभं असल्यासारखं वाटतं. सगळी माहिती मिळते, पण मी काही बोलेन याची तुम्ही वाटच पाहत नाही. सांगता आणि माईक बंद करता. मला इथं बसून एकटं वाटतं."

असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर तिथंच नाव टाकलं असतं. पण त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. 'मला एकटं वाटतं' हे आपल्यामुळे दुसऱ्या कुणाला वाटू शकतं, हे मी घरी जाऊनही बराच वेळ घोळवत बसलो.

पुढं एका मंगळवारी त्यांचं नाक चोंदलेलं होतं. मी खुर्चीत बसता बसता म्हणालो, "सर्दी झालीय का? ओवा भाजून हुंगा." त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही पहिल्यांदाच माझ्याबद्दल विचारलंत. बरं वाटलं मला." ओव्याचं एवढं कौतुक! मी वरवर हसलो, पण त्या दिवशी खानावळवाल्या मावशींनाही मी विचारून बसलो, तुमचा गुडघा कसा आहे म्हणून. त्यांनी पाऊण तास सांगितलं.

हे सगळं इथवर आलं होतं, आणि मग तो सात नंबरचा फलाट. ज्या बाईनं मला माणसांशी बोलायला शिकवायचं, तिनं चारचौघांत माझ्याकडे पाठ फिरवली. मला वाटलं, खोलीतलं सगळं धंद्यापुरतं होतं. बाहेर माझ्यासारख्या माणसाची ओळख कोण दाखवणार?

पुढच्या मंगळवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांचा निरोप आला मोबाइलवर: "दोन्ही मंगळवारी वाट पाहिली. पुढच्या मंगळवारीही सहा वाजता मी आहे." मी उत्तर दिलं नाही.

त्याच दिवसांत अक्काकडून पत्रिका आली. धाकट्या भाचीचं, माधुरीचं लग्न होतं, तीन आठवड्यांवर. कोपऱ्यात पेनानं एकच अक्षर होतं, "ये". अक्काचं अक्षर मला ओळखू येत होतं. मी पत्रिका पाकिटात घातली आणि टीव्हीखाली सारली. जायचा प्रश्नच नव्हता. सात वर्षांपूर्वी थोरलीच्या लग्नात जे झालं ते पुन्हा करून घ्यायला मी काही निर्लज्ज नव्हतो.

पण त्या दोन आठवड्यांत घर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं वाटायला लागलं. पूर्वी एकटेपणाची सवय होती. आता मध्ये चार महिने कुणीतरी ऐकत होतं. घोट पाणी दिल्यावर तहान जास्त कळावी तसं झालं. एका शुक्रवारी पुन्हा आवाज फुटेना. उदगीरची गाडी माझ्या तोंडून बाहेर पडायला तयार नव्हती. तेव्हा ठरवलं, मॅडमचं नाव टाकायचंच आहे तर या खेपेला तोंडावर सांगून टाकू. आजवर कुणाला तेवढंही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सहा वाजता जिना चढलो.  मॅडम होत्या. मी बसलोच नाही.

"तुम्ही ओळख दाखवली नाहीत," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "स्टँडवर. नांदेडच्या गाडीच्या वेळी."

"म्हणजे पाहिलं होतं."

"पाहिलं होतं."

"मग पाठ फिरवलीत. माझी लाज वाटली असेल. वाटायचीच. पण मग इथं भास्करराव, भास्करराव कशाला करायचं? एवढंच सांगायला आलो. येतो मी."

"जाऊ नका," त्या म्हणाल्या. "बसला नाहीत तरी चालेल. पण जाऊ नका."

मी दाराशी उभा राहिलो. आवाजातलं मला कळतं, तो माझा धंदा होता. त्यांचा आवाज जड झाला होता.

"तुम्ही परत आलात आणि मला रागावून बोलताय, याचा मला आनंद होतोय. खरंच होतोय. तुम्ही आला नसतात तर मी कुठं चुकले ते मला कधी कळलंच नसतं. मी तीन आठवडे विचार करत होते, यांना काय झालं असेल."

"माझा विचार करत होता?"

"हो."

मी बसलो. 

"आता माझी बाजू सांगू?" त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मी एक कागद वाचून दाखवला होता. त्यात एक ओळ होती. बाहेर कुठं गाठ पडली तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर मी नक्की दाखवेन. गाव लहान असतं, लोक विचारतात, ही बाई कोण, तुमची ओळख कशी. ते सांगायचं की नाही हे तुमच्या हातात राहावं, म्हणून तो नियम आहे."

"असं काही नव्हतं त्यात."

त्यांनी खणातून कागद काढून माझ्यापुढं धरला. चौथी ओळ होती आणि खाली माझी सही होती. दोन मिनिटांपूर्वी पुकारलेली गाडी खिडकीशी येऊन विचारणारे सगळे चेहरे मला आठवले. कान घरी ठेवून आलेला माणूस आज टेबलाच्या या बाजूला बसला होता.

"मी ऐकलंच नव्हतं," मी म्हणालो.

"पण नियम होता म्हणून तुम्हाला लागलं नाही, असं होत नाही. मी पाठ फिरवायला नको होती. नुसती उभी राहिले असते तरी चाललं असतं. मला तुमचा आवाज ऐकून हात करावासा वाटला होता, म्हणून घाईनं वळले. चुकलं माझं. माफ करा."

कुणी अशी सरळ माफी मागितलेली मी पाहिली नव्हती.  "असू द्या," म्हणालो.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडे पाहत होते, तुम्ही माझ्याकडे. तुम्ही हात का नाही केलात?"

"माझ्या हातात माईक होता."

"एका हातात."

खाली दुकानाचं शटर कुणीतरी अर्धं ओढलं, त्याचा आवाज आला.  

"आधी तुम्ही करायला पाहिजे होता," मी शेवटी म्हणालो.

"बरं. आणखी कुणी आधी करायला पाहिजे होता?"

मग मी त्यांना थोरल्या भाचीच्या, रोहिणीच्या लग्नाचं सांगितलं. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी मंडपात शिरलो तेव्हा अक्का समोरच व्याह्यांच्या घोळक्यात उभी होती. तिनं मला पाहिलं आणि पाठ फिरवली. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. अक्षता वाटून झाल्या. माईकवर पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं. माझं नाव घेतलं नाही. दोन रांगा पुढं आमचा चुलतभाऊ भागवत फेटा बांधून बसला होता. तोही मुलीचा मामाच. मी म्हटलं, फेटा त्याला बांधलाय म्हणजे मान त्यालाच द्यायचं ठरलंय. आणि तसंच झालं, भागवत उठला. मी अक्षता खुर्चीवर ठेवल्या आणि न जेवता आलो. अक्काचं नाव टाकलं.

"तिला विचारलंत कधी?"

"काय विचारायचं?"

"आत्ता मला विचारलंत ते. शब्द बदलू नका. तुम्ही ओळख दाखवली नाहीत. माझ्याशी जमलं तुम्हाला. घाम फुटला, पण जमलं."

"आणि ती म्हणाली, हो, मुद्दामच केलं, तर?"

"तर फार लागेल. ती गोडच बोलेल असं वचन मी देऊ शकत नाही. पण मंगळवारी सहा वाजता मी इथं असेन, हे देऊ शकते."

घरी आलो, पाय धुतले आणि डबा न उघडताच फोन लावला. सात वर्षांत तो नंबर मी पुसला नव्हता, हेही तेव्हाच ध्यानात आलं. पलीकडे कुकरची शिट्टी वाजत होती.

"कोण?"

"भास्कर."

कुकर कुणीतरी बंद केला. "बोल," अक्का म्हणाली.

"अक्का, रोहिणीच्या लग्नात तू मला ओळख दाखवली नाहीस."

"कवा?"

"मंडपात आलो तेव्हा. माझ्याकडं बघितलंस आणि पाठ फिरवलीस."

"रडू आलं म्हणून फिरवली रे. आईमागं घरातलं पहिलं कार्य. तुला बघितलं आन् आईच दिसली. व्याह्यांपुढं भोकाड पसरू का मग?"

 पण पुढचं बोलल्याशिवाय फोन ठेवायचा नव्हता. "आणि मामाचा मान भागवतला दिलास."

 मला वाटलं, अक्का फोन ठेवते आता.

"तीनदा पुकारलं, भास्कर," ती म्हणाली. "मुलीचे मामा, मुलीचे मामा, मुलीचे मामा. रोहिणी खोलीच्या बाहेर पाऊल टाकंना. म्हणायली, माझा मामा येऊ द्या. मी भटजींना म्हणले, थांबा, मागं बसलाय, येतोय. ते म्हणले, मुहूर्त टळायलाय. तवा भागवतला उठवलं. तू कामून बसून राहिलास?"

"माझं नाव घेतलं नाही माईकवर."

"नाव कशाला घ्यायचं? सख्खा मामा एकच हाय की पोरींना."

मी भिंतीला टेकलो. तीनदा. मला त्यातलं एकदाच ऐकू आलं होतं.

"जेवलाबी नाहीस," अक्का म्हणाली. "ताट झाकून ठेवलं हुतं तुझं. सांच्यापर्यंत."

"मग फोन का नाही केलास, अक्का?"

"तू का नाही केलास?"

 ती अहमदपुरात वाट पाहत होती, मी लातुरात. मध्ये दिवसाला पंधरा गाड्या धावत होत्या आणि त्यातली एकूण एक मीच पुकारत होतो. मला रडू आलं. लहानपणी यायचं तसं, नाक वाहून. अक्का पलीकडून नुसती "हं, हं" करत राहिली.

मॅडमकडे मी आणखी वर्षभर गेलो. मग त्या पुण्याला गेल्या. त्या दिवशी मी काचेतून आधी हात केला, त्यांनी बॅग खाली ठेवून केला, आणि मी गाडी पुकारली. नंतर गाठ पडली नाही. एकटेपणा सरला असं मी म्हणणार नाही. घर तेच आहे आणि निवृत्त झाल्यापासून रोजच गुरुवार असतो. मंगळवारी सहा वाजले की कधी कधी चपला पायात सरकवल्या जातात, आणि मग काढून ठेवतो. नावं टाकणं मात्र सुटलं.

माधुरीच्या लग्नाचं सांगायचं राहिलं. मी सकाळीच अहमदपूरला पोचलो. अक्कानं मला पाहिलं आणि या वेळी व्याह्यांपुढंच रडली. मला मानाचं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. अक्षता हातात घेतल्या आणि सवयीनं पाय शेवटच्या रांगेकडं गेले. दोन रांगा पुढं भागवत होता. फेटा त्यालाही बांधला होता, मलाही. इतकंच काय, सगळ्याच पुरुषांना बांधला होता. थोरलीच्या लग्नात अक्कानं पाठ फिरवल्यावर मी मान खाली घालून मागं गेलो होतो, फेटे बांधणारा मला दिसलाच नव्हता.

माईकवाला नवशिका होता, माईक तोंडाला अगदी चिकटवून बोलत होता. भोंगा कुईं करून ओरडला. मग आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं."

नाव याही वेळी घेतलं नाही. भागवतनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. अक्का मांडवाच्या खांबाशी उभी होती, तिनं पाहिलं नाही, नजर जमिनीकडं ठेवली होती. 

माईकवाल्यानं दुसऱ्यांदा पुकारायला तोंड उघडलं, तेव्हा मी उठून चालू लागलो होतो.